प्रोसेसर बदलावा का? खोळंबा कोठे आहे ते आधी पाहा

शाळेत संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना आठवी-नववीच्या मुलांकडून हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा : "सर, घरच्या संगणकावर गेम अडखळत चालतो. नवा प्रोसेसर बसवला तर नीट चालेल का?" प्रश्न खेळाचा असला तरी त्याच्यामागे घरातले काही हजार रुपये असतात. मुलाला घाई असते, दुकानदाराला वस्तू विकायची असते आणि आईवडिलांना या यंत्रातले फारसे काही माहीत नसते. अशा वेळी सगळे शिक्षकांच्या तोंडाकडे पाहतात.

या प्रश्नाला सरसकट "हो" म्हणणे चूक आणि सरसकट "नाही" म्हणणेही चूक. खरे उत्तर आहे, "मोजून पाहू." काय मोजायचे, कसे मोजायचे आणि मिळालेल्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा, हे या लेखात पाहू. त्यासाठी लागणारी मूळ कल्पना मात्र संगणकाच्या पेटीत नव्हे, तर तासगाव परिसरातील कोणत्याही बेदाण्याच्या शेडमध्ये सापडते. तिथूनच सुरुवात करू.

बेदाण्याच्या शेडमधील हिशेब

तासगावच्या मुलांना बेदाणा कसा होतो हे सांगावे लागत नाही. बागेतून द्राक्षे तोडून आणतात, ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवतात, शेडमधील जाळीच्या रॅकवर पसरतात आणि वाळू देतात. वाळायला साधारण दोन आठवडे लागतात. मग देठ काढणे, स्वच्छता, यंत्रावर आकारानुसार प्रतवारी आणि पेट्या भरणे. पुढे शीतगृह आणि बाजार समितीतील सौदे.

आता समजा, एका शेडमध्ये एका वेळी आठ टन द्राक्षे मावतात. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो असे धरले, तर दर पंधरा दिवसांनी दोन टन बेदाणा तयार होईल. प्रतवारीचे यंत्र हे दोन टन एका दिवसात निवडून देते. मालकाने दुप्पट वेगाचे यंत्र घेतले तर हंगामात जास्त बेदाणा होईल का? शेडवर काम केलेला कोणीही सांगेल की नाही होणार. यंत्र आधीच चौदा दिवस रिकामे बसून असते. नवे यंत्र आणखी थोडे जास्त रिकामे बसेल, एवढाच फरक.

याउलट, रॅक दुप्पट केल्या तर बेदाणा दुप्पट होईल. मात्र तोही तोडणीला आणि डिपिंगला माणसे पुरेशी असतील तरच. माणसे कमी पडली की खोळंबा रॅकवरून तोडणीवर सरकतो आणि त्यानंतर रॅक आणखी वाढवूनही काही हाती लागत नाही. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत संथ टप्पा ठरवतो. दुसरी म्हणजे तो टप्पा सुधारला की खोळंबा नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे जातो.

डिपिंगमागेही हेच तत्त्व आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणचट थर असतो आणि आतले पाणी बाहेर पडण्यात मुख्य अडथळा त्याचाच असतो. द्रावणामुळे त्या थराची रचना बदलते, पाण्याला वाट मिळते आणि वाळण्याचे कित्येक दिवस वाचतात. ऊन तेच, वारा तोच. खोळंबा सालीत होता, म्हणून उपाय सालीवर केला. संगणकाच्या बाबतीतही आपल्याला हीच "साल" शोधायची आहे.

गेममधील एक चित्र कसे तयार होते

गेम म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम दाखवल्या जातात. गेममध्ये ३० फ्रेम चालवून घेता येतात आणि ६० असल्या तर खेळ बराच सफाईदार वाटतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १००० भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेम पुरत असतील तर ३३.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात दोन कामे व्हावी लागतात.

पहिले काम प्रोसेसरचे. खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली, मोटार कोठे पोहोचली, ती भिंतीवर आदळली का, प्रतिस्पर्धी आता काय करील, हे सारे तो ठरवतो. मग पडद्यावर कोणत्या वस्तू काढायच्या आहेत याच्या सूचनांची यादी तयार करतो.

दुसरे काम ग्राफिक्स प्रोसेसरचे. हा वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर असतो किंवा साध्या संगणकात मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसवलेला असतो. सूचनांची यादी घेऊन तो प्रत्येक वस्तूचे त्रिकोण पडद्यावर मांडतो आणि प्रत्येक चित्रबिंदूचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग काढतो. १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे बारा कोटी चव्वेचाळीस लाखांहून अधिक पिक्सेल. प्रत्येकाचा रंग काढायला अनेक आकडेमोडी कराव्या लागतात. परंतु एका पिक्सेलचे गणित बहुतांशी शेजारच्या पिक्सेलवर अवलंबून नसते, त्यामुळे ही कामे एकाच वेळी करता येतात. म्हणूनच ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये थोड्या हुशार कामगारांऐवजी शेकडो-हजारो साधे कामगार असतात.

ही विभागणी पूर्वी नव्हती. १९९३ सालचा "डूम" हा गेम ३२० गुणिले २००, म्हणजे फक्त ६४,००० पिक्सेलचे चित्र काढत असे आणि तेही सगळे मुख्य प्रोसेसरच काढत असे. १९९६ साली आलेला "क्वेक" ४८६ प्रोसेसरवर रखडे आणि पेंटियमवर चांगला चाले, कारण त्याला लागणारे अपूर्णांकांचे गणित पेंटियम फार वेगाने करी. त्या काळात "प्रोसेसर बदला, गेम पळेल" हा सल्ला बरोबर होता. १९९६ मध्येच थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले, १९९९ मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ आले आणि चित्र काढण्याचे ओझे हळूहळू प्रोसेसरच्या खांद्यावरून उतरले. परिस्थिती बदलली, सल्ला मात्र अजून तसाच तोंडी फिरतो आहे.

बेरीज नव्हे, मोठी संख्या

येथे गणिताच्या शिक्षकांना आवडेल असा एक मुद्दा आहे. समजा एका फ्रेमसाठी प्रोसेसरला ८ मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्स कार्डाला २०. मग एका फ्रेमला २८ मिलिसेकंद लागतील का? नाही. कार्ड पहिली फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर दुसरीची तयारी करू लागतो. पहिला घाणा रॅकवर वाळत असताना कोठारात आधीच्या मालाची प्रतवारी चालू असते, तसेच हे. त्यामुळे दोन फ्रेममधील अंतर दोन्ही वेळांची बेरीज नसून त्यांतील मोठी संख्या असते. वरील उदाहरणात ते २० मिलिसेकंद आहे, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम.

आता निरनिराळे उपाय करून पाहू.

मूळ संगणक : प्रोसेसर ८, कार्ड २०. मोठी संख्या २०. सेकंदाला ५० फ्रेम.
प्रोसेसर दुप्पट वेगाचा : प्रोसेसर ४, कार्ड २०. मोठी संख्या २०. सेकंदाला ५० फ्रेम.
कार्ड दुप्पट वेगाचे : प्रोसेसर ८, कार्ड १०. मोठी संख्या १०. सेकंदाला १०० फ्रेम.
कार्ड चौपट वेगाचे : प्रोसेसर ८, कार्ड ५. मोठी संख्या ८. सेकंदाला १२५ फ्रेम.

दुसऱ्या ओळीत प्रोसेसरवरचा सगळा खर्च वाया गेला. चौथ्या ओळीत कार्ड चौपट वेगाचे घेतले, पण फ्रेम अडीचपटच वाढल्या, कारण खोळंबा आता प्रोसेसरकडे सरकला. आकडे उलट असते, म्हणजे प्रोसेसरला २० आणि कार्डाला ८ मिलिसेकंद लागत असते, तर हीच ओळ प्रोसेसरच्या बाजूने बोलली असती. म्हणून "प्रोसेसर बदलावा का?" हा प्रश्न आपल्याला असा विचारता येतो : या संगणकात, या गेममध्ये, कोण कोणाची वाट पाहतो आहे?

प्रत्यक्षात हे दोन काम करणारे इतके स्वतंत्र नसतात. त्यांना मधूनमधून एकमेकांसाठी थांबावे लागते आणि दर फ्रेमला लागणारा वेळही कमीजास्त होतो. तरीही अंदाज बांधायला हे सोपे गणित पुरेसे आहे.

कोअर दुप्पट म्हणजे वेग दुप्पट नव्हे

समजा खोळंबा खरोखरच प्रोसेसरकडे आहे. मग चार कोअरऐवजी आठ कोअरचा प्रोसेसर घेतला की वेग दुप्पट होईल का? आयबीएममधील संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. कोणत्याही कामाचा काही भाग अनेकांत वाटता येतो, तर काही भाग एकामागून एकच करावा लागतो. मोटार भिंतीवर आदळली की नाही हे कळल्याशिवाय ती किती मोडली हे ठरवता येत नाही. असे काम कितीही माणसे लावली तरी लवकर होत नाही.

समजा एका कोअरवर १०० एकक वेळ लागणाऱ्या कामातील ६० एकक वाटून देता येतात आणि ४० येत नाहीत. चार कोअर असतील तर ४० अधिक १५, म्हणजे ५५ एकक लागतील. आठ कोअर असतील तर ४० अधिक ७.५, म्हणजे ४७.५. कोअर दुप्पट झाले, पण वेळ सुमारे १४ टक्केच कमी झाला. हजार कोअर लावले तरी वेळ ४० एककांच्या खाली जाणार नाही.

आपल्या महाराष्ट्रातील महासंगणकांची वाटचाल या नियमाशी झुंजतच झाली आहे. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ मध्ये स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तेथे "परम ८०००" तयार झाला. त्यात एकच अतिवेगवान प्रोसेसर नव्हता, ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. अशा यंत्रावर काम वेगाने व्हायचे तर गणिताचे तुकडे पाडणे आणि त्या तुकड्यांमधील निरोप झटपट पोहोचवणे हेच खरे कौशल्य ठरते. पुढे २००८ चा "परम युवा" ५४ टेराफ्लॉप इतक्या कमाल क्षमतेचा होता. २०१३ च्या "परम युवा-२" मध्ये मुख्य प्रोसेसरांच्या जोडीला एकसारखी आकडेमोड मोठ्या प्रमाणावर करणारे सहप्रोसेसर बसवले आणि ही क्षमता ५०० टेराफ्लॉपच्या पुढे गेली. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. मात्र ही क्षमता ज्या कामाचे तसे तुकडे पडतात त्याच कामाला मिळते. गेमच्या संगणकातील मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जोडी याच विचारावर उभी आहे.

नुसत्या गिगाहर्ट्झवरूनही वेग ठरत नाही. प्रोसेसरला लागणारी माहिती वेळेवर हाताशी असावी लागते. त्यासाठी प्रोसेसरच्या चिपमध्ये कॅश नावाची लहान पण फार वेगवान स्मृती असते. २०२२ मध्ये एएमडी कंपनीने रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला. त्याच्या आधीच्या ५८००एक्सपेक्षा त्याचे गिगाहर्ट्झ कमी होते, परंतु तिसऱ्या पातळीची कॅश ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट होती. अनेक गेममध्ये हा "कमी वेगाचा" प्रोसेसरच पुढे गेला. सामान आणायला वारंवार गावात जावे लागणारा चपळ कारागीर आणि सगळे सामान हाताशी असलेला जरा सावकाश कारागीर, यांत दिवसअखेर कोणाचे काम जास्त होईल?

मोजून पाहण्याच्या तीन कसोट्या

या कसोट्यांना पैसे पडत नाहीत. प्रयोगाचा नियम नेहमीचाच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे. गेममधील एकच ठिकाण आणि एकच प्रसंग निवडावा. प्रत्येक मोजणी तीनदा करून सरासरी घ्यावी. सेकंदाला किती फ्रेम येतात हा आकडा बऱ्याच गेमच्या सेटिंग्जमध्ये दाखवता येतो. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि जी एकदम दाबल्यावर उघडणाऱ्या गेम बारमध्येही तो दिसतो. मोजण्यापूर्वी व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा घालणाऱ्या इतर सोयी बंद कराव्यात, नाहीतर ६० हा आकडा संगणकाची ताकद न सांगता घातलेली मर्यादाच सांगेल. अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन या सोयीही तेवढ्यापुरत्या बंद ठेवाव्यात.

पहिली कसोटी पिक्सेल कमी करण्याची. गेमचे रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणा. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० झाले, म्हणजे सव्वादोन पटींनी घटले. कार्डाचे ओझे हलके झाले. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहिले, कारण पडदा लहान केला म्हणून मोटारींची संख्या किंवा प्रतिस्पर्ध्यांची अक्कल कमी होत नाही. आता समजा, आधी सेकंदाला ४० फ्रेम मिळत होत्या. तीन शक्यता संभवतात.

फ्रेम ४० वरून ७८ झाल्या, तर खोळंबा कार्डाकडे होता. नवा प्रोसेसर घेऊन काही साधणार नाही.
फ्रेम ४० वरून ४२ झाल्या, तर कार्ड आधीच वाट पाहत होते. प्रोसेसर किंवा त्याला माहिती पुरवणारी स्मृती संथ आहे.
फ्रेम ४० वरून ५५ झाल्या, तर रिझोल्यूशन आणखी एक पायरी कमी करा. आकडा ५५ वरच थांबला, तर या प्रोसेसरची कमाल मर्यादा ५५ आहे.

तिसऱ्या शक्यतेतून एक फार उपयोगी गोष्ट कळते. कितीही महाग कार्ड आणले तरी या गेममध्ये या प्रोसेसरवर ५५ फ्रेमच्या आसपासच थांबावे लागेल. वस्तू विकत न घेता तिचा फायदा किती होईल याची वरची मर्यादा आपल्याला कळली. एवढ्यासाठीच हा प्रयोग वर्गात करून दाखवण्याजोगा आहे.

दुसरी कसोटी कामाच्या टक्केवारीची. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसर किती टक्के व्यस्त आहेत हे दिसते. खेळ चालू असताना ग्राफिक्स प्रोसेसर सतत ९५ ते १०० टक्के असेल तर खोळंबा बहुधा तिथेच आहे. प्रोसेसरच्या टक्केवारीबाबत मात्र सावध राहावे. टास्क मॅनेजरचा एकच आकडा सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो. समजा आठ कोअर आहेत, त्यांपैकी एक पूर्ण वेळ राबतो आहे आणि सात रिकामे आहेत. आकडा दिसेल १२.५ टक्के. पाहणाऱ्याला वाटेल प्रोसेसर निवांत आहे, पण सारा खेळ त्या एका कोअरवर अडलेला असेल. आठ माणसांत एक राबतो आणि सात बसतात, तेव्हा सरासरी काढून काम किती चालले आहे हे कळत नाही. सरासरीने सत्य कसे झाकले जाते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरी कसोटी उलटी आहे. प्रोसेसर वेगवान केल्याने काय होईल हे पाहायचे तर तो मुद्दाम संथ करून पाहा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरच्या कमाल वेगाची टक्केवारी ठरवता येते. काही संगणकांत ही नोंद दिसत नाही, तेव्हा ही कसोटी सोडून द्यावी. टक्केवारी १०० वरून ७० केली आणि फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर प्रोसेसरकडे पुरेसा फावला वेळ होता हे सिद्ध झाले. संथ करून फरक पडत नाही, तर वेगवान करूनही पडणार नाही. फ्रेम घटल्या, तर प्रोसेसर खोळंब्याच्या जवळ आहे असे समजावे आणि पहिल्या कसोटीशी ताडून पाहावे. प्रयोग झाल्यावर टक्केवारी पूर्ववत करायला विसरू नये.

सरासरी ६० असूनही खेळ अडखळतो

काही वेळा आकडा चांगला दिसतो, पण खेळ मध्येच थबकतो. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या. त्यांतील ५९ फ्रेमना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले, म्हणजे ५९०. उरलेल्या एका फ्रेमला ४१० मिलिसेकंद. सरासरी ६० फ्रेम हे खरेच आहे, पण खेळणाऱ्याला जवळजवळ अर्धा सेकंद चित्र गोठलेले दिसले. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत संथ फ्रेमही पाहाव्या लागतात.

अशा थबकण्याचा दोष पुष्कळदा प्रोसेसरवर येतो, पण कारण दुसरेच असते. मुख्य स्मृती अपुरी पडली की संगणक डिस्कचा आधार घेतो, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तो खोळंबा चांगलाच जाणवतो. स्मृतीची एकच पट्टी असेल तर ग्राफिक्स चिपमध्येच असलेल्या संगणकाची विशेष कुचंबणा होते, कारण तिथे चित्राची आणि गणिताची माहिती एकाच वाटेने ये-जा करते. तशीच दुसरी पट्टी जोडल्यावर अशा संगणकात चांगला फरक दिसू शकतो. इंटरनेटवरून खेळताना पात्रे उड्या मारत सरकत असतील आणि फ्रेमचा आकडा मात्र स्थिर असेल, तर दोष जोडणीचा आहे. प्रोसेसर बदलून इंटरनेट सुधारत नाही.

आणखी एक कारण आपल्या भागात विसरून चालणार नाही. बेदाण्याला मानवणारे मार्च-एप्रिलचे कोरडे ऊन संगणकाला मानवत नाही. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप ठरावीक तापमानाच्या वर गेली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. पंख्यात धूळ साचलेली असेल तर हे लवकर घडते. सुरुवातीची दहा मिनिटे गेम चांगला चालतो आणि मग मंदावतो, अशी तक्रार असेल तर आधी धूळ काढावी, हवा खेळती ठेवावी, चिपवरची उष्णतावाहक पेस्ट वाळली आहे का ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. लॅपटॉप असेल तर तो चार्जर लावून खेळला जातो का हेही विचारावे. बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दाम संथ चालतात.

प्रोसेसर बदलणे केव्हा योग्य

वर सांगितलेल्या कसोट्यांनंतरही बोट प्रोसेसरकडेच जात असेल, तर तो बदलण्याला अर्थ आहे. असे काही प्रसंग ठरलेले आहेत. ज्या गेममध्ये एकाच वेळी शेकडो सैनिक, नागरिक किंवा वाहने हालचाल करतात, तिथे प्रोसेसरचे काम जास्त असते. जुन्या प्रोसेसरला नवे, ताकदवान कार्ड जोडलेले असेल तर कार्ड वाट पाहत बसते. सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा पडदा असेल आणि तेवढ्या फ्रेम खरोखरच हव्या असतील, तर दर फ्रेमला सातपेक्षाही कमी मिलिसेकंद मिळतात आणि प्रोसेसरची कसोटी लागते. ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य चिपमध्येच असेल तर मात्र हिशेब थोडा वेगळा होतो. नव्या चिपमधील ग्राफिक्सचा भागही सरस असेल, तर प्रोसेसर बदलल्याने गेम सुधारेल, पण त्याचे श्रेय ग्राफिक्सच्या भागाला जाईल.

उलट पडदाच सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल आणि संगणक आजच स्थिरपणे ६० फ्रेम देत असेल, तर वाढीव फ्रेम बहुतांशी डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत.

खर्चाचा अंदाज करताना एक गोष्ट नीट पाहावी लागते. प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक मदरबोर्डवर बसत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर अनेक पिढ्यांचे प्रोसेसर बसतात, त्यामुळे जुन्याच बोर्डवर पुष्कळदा नवा प्रोसेसर चालतो, पण त्याआधी बोर्डचे बायोस अद्ययावत करावे लागू शकते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ साठी मात्र नवा बोर्ड आणि डीडीआर५ प्रकारची नवी स्मृती लागते. म्हणजे एक वस्तू बदलायला जावे आणि तीन बदलाव्या लागाव्यात. बहुतेक लॅपटॉपमध्ये तर प्रोसेसर बोर्डला कायमचा जोडलेला असतो. तो बदलता येत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

क्रम असा ठेवावा : आधी फुकटचे उपाय, म्हणजे सेटिंग्ज, धूळ आणि चार्जर. मग स्वस्त उपाय, म्हणजे स्मृतीची पट्टी आणि एसएसडी. त्यानंतर मोजणी ज्याच्याकडे बोट दाखवील ते, कार्ड किंवा प्रोसेसर. शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचण्याची वेळ वाटते तितक्या वेळा येत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

ज्या शाळेत गेम चालतील असे संगणक नाहीत, तिथेही हे तत्त्व कागद-पेन्सिलीने दाखवता येते. दोन विद्यार्थी निवडा. पहिला "प्रोसेसर" : त्याने प्रत्येक चिठ्ठीवर चार गुणाकार सोडवून उत्तरे लिहायची. दुसरा "ग्राफिक्स कार्ड" : उत्तर सम असेल तर एक रंग, विषम असेल तर दुसरा, अशा प्रकारे त्याने आलेखकागदावरील चौकोन रंगवायचे. एका चिठ्ठीमागे एक चित्र. चिठ्ठी दिली की पहिल्याने न थांबता पुढची लिहायला घ्यायची. दहा मिनिटांत किती चित्रे पूर्ण होतात ते मोजा.

पहिल्या फेरीत प्रत्येक चित्रात ६४ चौकोन ठेवा. दुसऱ्या फेरीत चौकोन तेवढेच ठेवून गुणाकारात वर्गात सर्वांत चपळ असलेला विद्यार्थी "प्रोसेसर" म्हणून बसवा. चिठ्ठ्यांचा ढीग साचेल, चित्रे मात्र फारशी वाढणार नाहीत. तिसऱ्या फेरीत पहिलाच विद्यार्थी परत आणा आणि चौकोन आठच ठेवा. आता रंगवणारा हात बांधून बसेल. चौथ्या फेरीत आठ चौकोनांसाठी पुन्हा चपळ विद्यार्थी बसवा आणि काय बदलते ते पाहा. चारही फेऱ्यांचे आकडे फळ्यावर मांडून मुलांनाच विचारा : कोणत्या फेरीत चपळ विद्यार्थ्याचा उपयोग झाला आणि का?

यानंतर मुलांना आपापल्या घरातील साखळी शोधायला सांगा. दूध संकलन केंद्रावर रांग कशामुळे लागते? विहिरीवर मोठी मोटर बसवूनही शेताला पाणी जास्त का मिळत नाही? शाळा सुटल्यावर दारात गर्दी होते, तेव्हा वर्गाची दारे मोठी करून उपयोग होईल का? जो विद्यार्थी ही उत्तरे मोजून देईल, त्याला प्रोसेसरच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी द्यावे लागणार नाही. तो ४० आणि ४२ किंवा ४० आणि ७८ हे आकडे वहीत लिहून आणील आणि घरचे पैसे कोठे खर्च करावेत, की खर्च करूच नयेत, हे स्वतः सांगेल.